रताळ्याच्या वाफ्यातले कोंब

प्रिय केरुआ,

तुझ्या थोरल्या बहिणीनं पत्र लिहिलंय हे पाहून तुला आधी हसू येईल. मिशनच्या शाळेत मी सहावीपर्यंत गेले, त्याला इतकी वर्षं झाली की आता पेन हातात घेतलं तरी कुदळ धरल्यासारखी मूठ वळते. फोन का केला नाहीस, असं विचारशील. अरे, इथे फोनला रेंज हवी असेल तर त्या टेकाडावरच चढावं लागतं, आणि टेकाडावर हल्ली माझा दीर माइप आणि त्याची माणसं दिवसभर पत्ते कुटत बसलेली असतात. तिथे उभी राहून तुझ्याशी बोलले असते, तर डेक्लाची बायको माहेरी काय काय सांगते हे संध्याकाळपर्यंत माझ्या सासरच्या सगळ्या मिलेपांना तोंडपाठ झालं असतं. म्हणून हा कागद. कॉफी गोळा करायला मिन्जहून ट्रक येतो ना, त्या ट्रकवाल्याची बायको रूत आपल्या कोलेका कुळातली आहे. तिच्या झोळीत तळाशी, रताळ्यांच्या खाली हे पत्र ठेवून देणार आहे. वाचून झालं की चुलीत घाल. बायकोलाही दाखवू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही. हे मी भांडायला म्हणत नाही, भीतीनं म्हणते आहे.

इकडची खुशाली सांगते. कॉफी यंदा बरी लागली आहे. डुकरीण व्याली, पिल्लं सगळी जगली. माझ्या पोरीला, एस्तेरला मात्र बरं नाही. आधी नुसता खोकला होता, मग ताप आला. तिला पाठुंगळी घेऊन खाली दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, ‘साधा ताप आहे, घाबरू नका.’ बाईंना काय माहीत मी कशाला घाबरते आहे! रस्ताभर माझ्या डोक्यात एकच होतं. अजून डेक्लानं शपथ घेतलीही नाही आणि हिला ताप आला. घेतल्यावर काय होईल?

मागच्या आठवड्यात गावकोर्टात तू उभा राहिलास तेव्हा मी बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून बसले होते. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस ते बरंच केलंस. शाळेत मुलांपुढे बोलतोस तसा सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोललास. ‘आपल्याकडे जमिनीचा कागद नाही. मोजणी झालेली नाही. दोन्ही कुळांचा एकच साक्षीदार आहे, ती सीमेवर लावलेली तांगेटच्या झुडपांची रांग. डेक्लानं तिचं पान तोडून दातात धरावं आणि सगळ्यांदेखत सांगावं की ही रांग मी जागची हलवलेली नाही. त्यानं तेवढं सांगितलं की मी घरी जातो, टेकाडावर उभ्या राहणाऱ्या मोबाइल टॉवरचं भाडं मिलेपांनी खावं.’ तुझं बोलणं संपतंय न संपतंय तोच माइप ताडकन उठला. ‘घेईल! माझा भाऊ घाबरतो की काय? आत्ता घेईल!’ कोर्टाच्या म्हाताऱ्यानं त्याला खाली बसवलं आणि येत्या शनिवारचा दिवस ठरवला.  सगळे डेक्लाकडे बघत होते म्हणून त्यानं मान हलवली, इतकंच.

मला ठाऊक आहे, तुला वाटलं होतं तो कचरेल. कुणीही कचरला असता. तू डाव चांगला टाकलास, पण पलीकडे माइप बसलाय हे विसरलास. आता डेक्लानं माघार घेतली तर साऱ्या मिलेपांच्या तोंडाला काळं लागेल, आणि नाही घेतली तर काय होईल ते तुला मी सांगायला नको. पेनामामा आठवतो ना? दुसऱ्याचं डुक्कर कापून खाल्लं आणि तांगेटचं पान चावून सांगितलं की मी त्या डुकराचं शेपूटसुद्धा पाहिलेलं नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याचं पोट टम्म फुगलं. शेवटी शेवटी तर त्याला पाण्याचा घोटही जाईना. आई त्याचे पाय चेपायला जायची आणि घरी येऊन म्हणायची, ‘पान खातंय त्याला, आतून खातंय.’ दवाखान्यात म्हणाले यकृत बिघडलं. असेल बिघडलं. पण ते पान चावल्यावरच का बिघडलं?

आमचे पाद्री सांगतात की असल्या शपथांत काही नसतं, देवावर भरवसा ठेवा. ठेवतेच की मी. दर रविवारी जाते. पण याच पाद्रीबाबांनी चर्चच्या आवाराभोवती चारी बाजूंनी तांगेट लावलं आहे आणि त्याचं एक पान कुणाला तोडू देत नाहीत, हेही मी बघते. माझी भीती काही त्यांच्या सांगण्यानं जात नाही, केरुआ.  रात्री डेक्ला शेजारी झोपलेला असतो आणि त्याचा श्वास नीट चालला आहे ना, हे मी ऐकत पडते.

आता तू म्हणशील, शपथ खरी असेल तर ताई इतकी घाबरते कशाला? त्याच्यावरच येते आहे. पण आधी थोडं मागचं सांगू दे, कारण ती रांग लावली तेव्हा तू आईच्या खांद्यावर पेंगत होतास आणि नंतर शिकायला गेलास तो गेलासच.

आपली आणि मिलेपांची लढाई संपली त्या साली मी नुकती वयात आले होते. त्या लढाईचं तुला काय आठवत असेल कोण जाणे. मला सगळं आठवतं. आई तुला छातीशी बांधून कुनाई गवतातून वाकून पळत होती आणि मी तिच्या मागे, तोंडावर हात दाबून. मागे घरं जळत होती. बाबांच्या मांडीत बाण घुसला तो त्याच सकाळी. आम्ही वर पांदानसच्या झाडांत लपलो आणि आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, ‘त्याला रडू देऊ नकोस, रडू देऊ नकोस.’ तू रडला नाहीस. नंतर दोन्हीकडची माणसं थकली, दोन्हीकडच्या बायका विधवा झाल्या, तेव्हा कुठे समेट झाला. डुकरं मारली, खड्ड्यात दगड तापवून भाजली, आणि ओढ्यापासून टेकाडापर्यंत रांग लावली. आपल्या कोलेकांनी आणल्या गडद लाल पानांच्या काठ्या. मिलेपांनी आणल्या हिरव्यावर पिवळे पट्टे असलेल्या. एक आपली, एक त्यांची, एक आपली, एक त्यांची, अशा खोचत गेले, म्हणजे कुणा एकाला सगळी रांग आपली म्हणता येणार नाही. आणि रांगेबरोबर मलाही इकडे दिली. म्हणजे मी आणि ती रांग एकाच वयाच्या सासुरवाशिणी.

सासूनं मला पहिलं काम शिकवलं ते रांगेचं. तांगेटला फार काही लागत नाही. तोडून फेकलेला तुकडासुद्धा ओल मिळाली की डोळे उघडतो. पण सीमेची रांग नुसती जगून चालत नाही, ती दुरून ओळखू यायला हवी. सावली पडली की लाल पानं हिरवट होतात, म्हणून आजूबाजूची झुडपं काढायची. काठी फार उंच झाली की शेंडा वाकतो, मग तो छाटून त्याच खड्ड्यात, त्याच मुळाशी खोचायचा, एक बोटही इकडे किंवा तिकडे नाही. सासू म्हणायची, ‘दोन्हीकडची आहेस तू, म्हणून तुझ्या हातात दिली. कुणी विचारलं तर तुझ्याकडे बोट दाखवतील, लक्षात ठेव.’ वर्षानुवर्षं मी ते केलं. सकाळी ऊन आलं की लाल पान आणि पट्ट्याचं पान अशी ती रांग टेकाडापर्यंत चढत गेलेली दिसायची, आणि मला फार बरं वाटायचं. पलीकडे माझे भाऊ, अलीकडे माझी मुलं, आणि मध्ये बाण नाहीत.

मग आई गेली. आम्ही सगळे तुझ्याकडे दुखवट्याला आलो, मिलेपांतलेही बहुतेक जण आले. डेक्ला मात्र दोन दिवस बसून परत गेला. कॉफी वाळत घातली आहे, पाऊस येईल, म्हणाला. मी थांबले. परत आले तर रांगेखालची माती नवी, भुसभुशीत, आणि पानं माना टाकलेली. मी विचारलं तर म्हणाला, ‘दरड आली गं. ओढ्याकडचा भाग घसरला, रांग वाहून जात होती. मी आणि माइपनं सावरून लावली.’ ओढ्याकडे दरड खरंच आली होती, मी डोळ्यांनी पाहिली. पाऊसही तसाच झाला होता. आईच्या दुःखात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला. टॉवरवाली माणसं टेकाड बघून गेली ती त्याच्या आदल्या महिन्यात, पण या दोन गोष्टी माझ्या मनात एकत्र आल्याच नाहीत.

तुझ्या आल्या. ईस्टरला तू जेवायला आलास आणि जाताना रांगेपाशी उभा राहिलास. वरच्या अंगाला एका ठिकाणी लागोपाठ दोन लाल आहेत, हे तुला दिसलं. मी तुझ्याकडे बघत होते. तू झोळी खांद्यावर टाकलीस आणि निघालास. नंतर तू कोर्टात अर्ज दिलास, तेव्हा मला कळलं तू काय बघत होतास. इकडे माइपचं उत्तर तयारच होतं. ‘पावसात घाईनं लावली, चुकली एखादी काठी. मास्तर झाला म्हणून काय पानं मोजत फिरणार?’ सगळे हसले. डेक्लाही हसला, पण उशिरा हसला.

आता खरं सांगते. हे वाचताना बसून घे.

रांग सावरून लावली म्हणतात, तिच्या अलीकडे एक पट्टा मोकळा राहिला होता. या पावसाच्या सुरुवातीला डेक्ला मला म्हणाला, ‘तिथे रताळी लाव.’ मी वाफे घातले. माती चांगली खोल उकरली, ढीग केले, वेल लावले. काही दिवसांनी तण काढायला गेले तर एका वाफ्याच्या कडेला एक कोंब वर आला होता. रताळ्याचा नव्हे. टोकदार, गुंडाळलेला, गडद लाल. मला वाटलं एखादा तुकडा पडला असेल, मी उपटला. उपटेना. मोडला. मग पुढे पाहिलं तर आणखी एक, पट्ट्याचा. त्याच्या पुढे लाल. त्याच्या पुढे पट्ट्याचा. माझ्या वाफ्यांमधून ओढ्याकडून टेकाडाकडे एक सरळ ओळ चालली होती.

 मी तिथेच मातीत बसले.

वर काठी दिसते तेवढंच तांगेट नसतं, केरुआ. जुन्या झाडाचा कंद खाली मांडीएवढा जाड होतो आणि खोल जातो, तो कुदळीनं सहज निघत नाही. बायकांना हे माहीत असतं, कारण आम्ही उभा जन्म माती उकरत असतो. पुरुष काठी खोचतात आणि निघून जातात, मग ते कुंपणं घालायला आणि भाषणं करायला मोकळे. त्या दोघांनी काठ्या ओढून काढल्या, नव्या जागी खोचल्या, आणि त्यांना वाटलं रांग हलली. खाली सगळं जागच्या जागी होतं. माझ्या कुदळीनं त्याला जाग आणली.

मी काय केलं असेल? मोडले. एकेक कोंब मुळाशी धरून मोडला, चुरगाळून झोळीत टाकला आणि घरी येऊन चुलीत जाळला. तीन-चार दिवसांनी गेले तर एकाच्या जागी दोन. ते मोडले. मग तीन तीन यायला लागले. दुसऱ्याच्या बायकोच्या रताळ्याच्या बागेत कुणी परका पुरुष पाऊल टाकत नाही, ते एक बरं होतं. डेक्लाही तिकडे फिरकत नाही, असं मी समजत होते. पण जावा येतात, पोरी येतात, डुकरं कुंपण तोडतात आणि मग सगळं गाव धावत येतं. रोज सकाळी उठलं की आधी माझं मन त्या वाफ्यांत जाऊन यायचं. कुणी बागेच्या दिशेनं नुसतं बघितलं तरी काळजात धस्स व्हायचं. कंद उकरून काढावेत म्हटलं तर एकटीच्या हातचं काम नाही, आणि तेवढे खड्डे कुणाला दिसल्याशिवाय राहतील का?

कुणाला सांगू? तुला सांगितलं तर कोलेका भाले काढतील. आणि त्यात खोटं काय, आईच्या दुखवट्यात, तुम्ही सगळे डोक्याला चिखल फासून रडत असताना हे केलं. आठवलं की माझंही रक्त उकळतं. डेक्लाला सांगितलं तर तो माइपला सांगेल, आणि माइप म्हणेल, ‘बघितलंस? हिनंच माहेरच्यांसाठी नव्या काठ्या पुरल्या.’ तुला हसू येईल, पण तसंच होईल. दुसऱ्या कुळातून आलेली बायको ती. घरात कुणाचं पोट दुखलं तरी आधी तिच्या झोळीत काय आहे ते बघतात. इतकी वर्षं इथे काढली, मुलं दिली, सासूला शेवटपर्यंत भरवलं, तरी अशा वेळी मी कोलेकांचीच. मला मारतील याची भीती आहेच, ती लपवत नाही. पण मोठी भीती ती नव्हे. शनिवारी डेक्ला त्या नव्या जागच्या रांगेपुढे उभा राहील, पान दातात धरेल, आणि त्याच्या पाठीमागे थोड्याच अंतरावर जुनी रांग मातीतून डोकं वर काढत असेल. तो खोटं बोलेल आणि ते पान त्याला खाईल. त्याला नाही तर एस्तेरला खाईल.

आणि तो कसा झालाय ते तू बघितलं नाहीस. कोर्टातून आल्यापासून जेवत नाही. रताळं हातात घेतो, सोलतो, खाली ठेवतो. मी टिनची मासळी भाताबरोबर केली, पाहुण्यांसाठी ठेवली होती ती, तरी शिवला नाही. माइप येतो, पाठीवर थाप मारतो, ‘एका पानाची तर गोष्ट आहे, चाव आणि थुंक!’ म्हणतो. हा ऐकतो आणि कुऱ्हाडीला धार लावत बसतो. लावलेल्या धारेला पुन्हा धार. मुलांच्या शाळेसाठी टॉवरचं भाडं येईल, असं माइपनं त्याच्या गळी उतरवलं होतं. वाईट माणूस नाही रे तो. भावाला नाही म्हणता येत नाही, एवढाच त्याचा दोष, आणि तो आता आमच्या सगळ्यांच्या मुळावर आला आहे.

एस्तेरला दवाखान्यात नेलं तेव्हा मी दोन रात्री खालीच राहिले. तिथे तिचा ताप आणि इथले कोंब, दोन्हीकडे जीव टांगणीला. बागेत जाऊन आले नाही तर ते गुडघ्याएवढे होतील, पानं उघडतील, रंग दुरूनसुद्धा दिसेल. काल सकाळी परत आले, पोरीला घरात निजवलं आणि तडक बागेत गेले.

कोंब वाढले होतेच. पानं उघडली होती. पण प्रत्येक कोंबाभोवती बारीक काठ्यांचं, हातभर उंचीचं कुंपण घातलेलं होतं, डुकरानं तोंड घालू नये म्हणून घालतो तसं. आतलं तण काढलेलं होतं. रताळ्याचे वेल बाजूला वळवून ठेवले होते, कोंबांवर सावली पडू नये म्हणून.  वाटलं, संपलं. कुणीतरी पाहिलंय आणि शनिवारी सगळ्यांना दाखवायला जपून ठेवलंय. तुमच्यापैकी कुणी आत शिरलं असेल तर आजच मुडदे पडतील. माइप असेल तर त्यानं माझ्यासाठी हा सापळा लावलाय. मी एका कुंपणाला हात लावला, उपटून टाकायला, आणि वेलीची गाठ बघितली. गाठ उलटी होती. सगळ्या गाठी उलट्या होत्या.

लढाईत डेक्लाचा उजवा अंगठा गेला, हे तुला माहीत आहे. तेव्हापासून तो डाव्या हातानं बांधतो आणि त्याची गाठ उलटी पडते. आमच्या घराच्या छपरावर, डुकराच्या दावणीला, एस्तेरच्या झोळीच्या पट्ट्याला, सगळीकडे तीच गाठ आहे. तो कधीपासून तिथे येत होता, मला माहीत नाही. माझे मोडलेले कोंब त्यानं पाहिले असतील. मी का मोडते हेही त्याला कळलं असेल. मी घरात त्याच्यापासून लपवत होते आणि तो माझ्यापासून, आणि दोघं त्याच वाफ्यांत आळीपाळीनं जात होतो. मी किती वेळ तिथे बसून रडले ते विचारू नकोस.

संध्याकाळी तो चुलीपाशी बसला.  त्यानं एस्तेरच्या कपाळावर हात ठेवून बघितला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘तुझा भाऊ बऱ्याच दिवसांत जेवायला आला नाही.’ मी म्हटलं, ‘नाही आला.’ तो म्हणाला, ‘शनिवारच्या आधी आला तर बरं.’ एवढंच म्हणाला आणि एक रताळं खाल्लं, सालासकट.

म्हणून हे पत्र, केरुआ. तो तोंडानं कबूल करू शकत नाही. त्यानं चारचौघांत तोंड उघडलं तर तुमचे भाले निघतील आणि आमचेही. पण त्याला ती शपथ घ्यायची नाही, आणि ते तुला सांगायची त्याला हीच एक रीत सापडली आहे. तू ये. तुझा राग मला मान्य आहे, आईच्या नावानं जितकं बोलायचं तितकं मला बोल, जन्मभर बोल, पण आत्ता नको. शपथेची मागणी तू घातलीस, ती मागे घेणंही तुझ्याच हातात आहे. म्हण की रांग जुनी झाली, काठ्या चुकल्या आहेत, दोन्हीकडच्यांनी मिळून पुन्हा नीट लावू. डुक्कर मी देते, माझं स्वतःचं, त्यावर इथे कुणाचा हक्क नाही. जुनी जागा कुठली, हे तुम्हा दोघांनाच माहीत असलं तरी पुरे. तू येशील की नाही, मला माहीत नाही. रूतच्या झोळीतून हा कागद भलत्याच कुणाच्या हाती लागला तर काय, या विचारानं दोनदा फाडायला घेतला होता. पण शुक्रवारी माइप शनिवारच्या माणसांसाठी वाट मोकळी करायला माझ्या बागेत माणसं घालणार आहे, आणि त्याच्या हाती कोंब लागले तर तो कंदासकट उकरून काढेल. तेव्हा गुरुवारी ये. कोर्टाचा माणूस नको, आपल्यातलं कुणी नको, एकटा ये. जेव. आणि जेवण झाल्यावर डेक्ला काही न बोलता उठून बागेकडे चालायला लागला, तर तूही काही न विचारता त्याच्या मागे जा.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच थोरली,
रुंबी